कोपऱ्यावरचं अक्षर

आई कणकेची वळी करायची, करंगळीएवढी,
आणि पेस्टीच्या कोपऱ्यावर डकवायची : जे.
खाली खाणीत तीस जणांचे डबे एकाच फळीवर,
मेणबत्तीच्या उजेडात कुणाचं कुणाच्या पोटात जाईल
नेम नाही.
'ज्याचं त्याला मिळावं,' ती म्हणायची,
आणि काठाला मुरड घालायची.

जेबेझ माझा भाऊ. वय अठरा.
भरतीच्या कागदावर एकवीस.
उंची पाच फूट पाच, छाती तेहतीस, फुगवून पस्तीस,
डोळे करडे. धंदा : मूंटाच्या तांब्याच्या खाणीत ट्रक ढकलणे.
ओळखीची खूण : डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग.
तो माझ्यामुळे.
कागदाला ते काय माहीत.

वडिलांच्या फुप्फुसात खाण आधीच शिरून बसली होती.
ते रात्रभर खोकायचे, जेबेझ आढ्याकडे बघत पडायचा.
मला म्हणाला, 'थर्झा, माणसानं वर उजेडात काहीतरी करावं.'
म्हणून तो युद्धावर गेला.

इजिप्तहून कार्ड आलं. उंट, खजुराचं झाड, 'मी मजेत.'
छावणीतून सहा तास बेपत्ता, पाच शिलिंग दंड,
हे त्यानं कळवलं नाही.
साठ वर्षांनी मागवलेल्या नोंदींत ते मला सापडलं
आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.
सहा तास कुठे गेला असेल?
पोहायला. मी ठरवून टाकलं.

फ्रान्समध्ये हातात पुन्हा फावडं.
पोरगा खाणीतला म्हटल्यावर सार्जंटला आणखी काय हवं.
त्यानं लिहिलं : 'इथली माती मऊ, खणायला सोपी,
पण खणलेलं टिकत नाही.
रात्री खणतो, सकाळी खंदक नसतो,
कधीकधी खणणाराही.'
ही ओळ सेन्सॉरच्या कात्रीतून कशी सुटली कोण जाणे.
खाली, घाईत : 'आईला सांग, इथे डब्यातलं मांस
सगळ्यांचं सारखंच. अक्षर लागत नाही.'

ऑगस्ट, एकोणीसशे सोळा. सोम नदीकडचं एक टेकाड,
त्यावर पूर्वी कुणाचं तरी शेतघर होतं म्हणे.
आधी बेपत्ता. मग चौकशी.
एल्स्डन नावाच्या एकानं इस्पितळातून सांगितलं :
'पाण्याचे डबे घेऊन येतो म्हणाला, वळला.
गोळा पडला. नंतर मी त्याला पाहिलं नाही.
शिट्टी फार वाजवायचा.'

पाद्री फाटकाशी आले तेव्हा आई कपडे वाळत घालत होती.
तिनं त्यांना पाहिलं,
हातातले चार चिमटे एकेक करून लावले,
आणि मगच वळली.

वर्षानं पार्सल. फणी, नवा करार,
माझीच दोन पत्रं,
आणि एक पाइप.
जेबेझ तंबाखूला कधी शिवला नव्हता.
दांडीवर चाकूनं कोरलेलं : डब्ल्यू.
आईनं मेलबर्नला लिहिलं :
ही वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी आईची आहे.
उत्तर छापील, जेबेझचं नाव तेवढं शाईनं :
आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.
तिनं पुन्हा लिहिलं.
पुन्हा नोंद.

तोवर वडील गेले होते. खाली उतरणारं घरात कुणी नव्हतं,
पेस्ट्यांवरची अक्षरं केव्हाच बंद झाली होती.
त्या शनिवारी तिनं पुन्हा वळी केली.
जे एका वळणात होतो. डब्ल्यूला चार रेघा लागतात.
मोडला. पुन्हा लावला.
ती पेस्टी तिनं खिडकीत ठेवली.
आम्ही कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी वारा सुटला, खाणीच्या ढिगाऱ्यांवरची धूळ
नेहमीसारखी घरभर झाली.
तिनं पेस्टी कोंबड्यांना घातली,
कोपरा तेवढा तोडून घेतला.